मरळ काही शेवाळ खात नाही



आज तळ्यातल्या शेवाळाबद्दल बोलायचं आहे, आणि तेसुद्धा ज्या तळ्यात मरळीसारखा मासे खाणारा मासा आहे, त्या तळ्यातल्या. आजरा भागातल्या गटांच्या बैठकीत हा विषय आता वारंवार निघतो. शेततळं खोदलं, आपल्या जांभ्या मुरमात पाणी टिकत नाही म्हणून प्लॅस्टिकचा कागद अंथरला, पहिल्या वर्षी रोहू-कटला सोडले. मग कुणीतरी सांगितलं की मरळीला भाव चांगला, काटे कमी, जिवंत विकता येते. मरळ आणली. आणि शिवरात्र झाली, ऊन चढलं, तसं पाणी घट्ट हिरवं व्हायला लागलं. कडेला केसांसारखे पुंजके, कागदावर बुळबुळीत थर. मग एकच प्रश्न येतो: "वैनी, ह्यात शेवाळ खाणारा कुठला मासा सोडायचा?"

सोडायला हरकत नाही, पण तो शेवाळ खाण्याआधी मरळ त्याला खाईल. मरळीच्या तोंडात जे मावतं ते तिचं. बोटाएवढी चंदेऱ्याची पिल्लं सोडली तर ती चार दिवसांत दिसेनाशी होतात, आणि आपण म्हणतो बीच खराब होतं. गवत्या मासा मोठा करून सोडला तर तो वाचतो, पण तो पाण्यातलं गवत, पाला खातो. पाण्याचा हिरवा रंग त्याला खाता येत नाही. बेडूकमासे, गोगलगायी, पाण्यातले बारीक किडे, जे थोडंफार शेवाळ खरवडून खातात, तेही मरळ वेचून संपवते. म्हणजे साध्या तळ्यात झाडूवाले असतात, मरळीच्या तळ्यात ते राहत नाहीत. तो झाडू आपल्याच हातात घ्यावा लागतो.

आधी शेवाळ-शेवाळ म्हणजे काय ते नीट पाहू, कारण सगळं हिरवं वाईट नसतं. तळ्याचं पाणी हलकं हिरवं असणं चांगलं. ते हिरवेपण म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती. दिवसा त्या पाण्यात प्राणवायू सोडतात, माशांच्या विष्ठेतून आलेला अमोनिया ओढून घेतात. असं पाणी रोहू-कटल्याला मानवतं. दुसरं असतं ते धाग्याचं शेवाळ, हाताला लोकरीसारखं लागतं, तळाशी वाढतं आणि दुपारी त्यात बुडबुडे अडकले की गोधडीसारखं वर तरंगतं. ते जाळ्यात अडकतं, मोटरीच्या फुटबॉलला गुंडाळून बसतं. आणि तिसरं आहे निळसर-हिरवं, पाण्यावर रंगाचा डबा सांडल्यासारखा थर धरणारं. वाऱ्यानं ते एका कोपऱ्यात गोळा होतं आणि घाण वास मारतं. या तिसऱ्याची आम्हाला खरी भीती वाटते. त्याच्या काही जाती विष तयार करतात, आणि तो थर प्यालेली जनावरं दगावू शकतात. पाणी उकळल्यानं ते विष जात नाही. कोपऱ्यात असा थर दिसला की गुरं, शेळ्या, कुत्री त्या तळ्यावर सोडायची नाहीत, आणि पोरांना त्यात उतरू द्यायचं नाही. एवढं तरी आजच घरी जाऊन सांगा.

आता पाणी किती हिरवं झालं ते ओळखायचं कसं? यंत्राची गरज नाही. सकाळी दहा-अकराच्या उन्हात काठावर बसा, हात सरळ पाण्यात घाला, पंजा आडवा धरा. कोपर बुडेपर्यंत पंजा अंधुक दिसत असेल तर ठीक आहे. मनगटाच्या थोडं वरपर्यंत हात गेला आणि पंजा दिसेनासा झाला तर पाणी फार घट्ट झालं. आणि कोपराच्याही पुढे सगळं स्वच्छ दिसत असेल तर तळावर ऊन पोचतंय, म्हणजे थोड्या दिवसांत धाग्याचं शेवाळ धरणार. हाताऐवजी दोरीला पांढरी ताटली बांधून, दोरीला वितीवितीवर गाठी मारून सोडली तर आणखी बरं, कारण काठावर वाकायला नको. वाकण्याचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

मरळीच्या तळ्यातच शेवाळ एवढं का माजतं, ते आता हिशेबानं पाहू. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बायका आपण, हिशेब आपल्याला जमतो.

रोहू-कटल्याला आपण भाताचा कोंडा आणि शेंगपेंड घालतो, त्यातही ते बरंचसं पाण्यातलं नैसर्गिक खाणं खातात. मरळ मांसाहारी. तिच्या गोळीखाद्यात प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या आसपास लागतात. प्रथिनं म्हणजेच त्यात नत्र आलं, आपण उसाला घालतो तेच नत्र. प्रथिनांच्या वजनाच्या सोळा टक्के नत्र असतं. म्हणजे १० किलो खाद्यात ४ किलो प्रथिनं आणि त्यात साधारण ६४० ग्रॅम नत्र. मासा यातलं किती अंगाला लावतो? फार तर पाव ते तिसरा हिस्सा. उरलेलं विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि न खाल्लेल्या खाद्यातून पाण्यात उतरतं. ते झालं साडेचारशे ग्रॅमच्या घरात. आता युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे १० किलो खाद्य घातलं की जवळजवळ १ किलो युरिया तळ्यात टाकल्यासारखं झालं.

दिवसाला ५ किलो खाद्य पडत असेल तर तीन महिन्यांत ४५ किलो. युरियाचं एक अख्खं पोतं! ते पोतं कुणी आपल्या तळ्यात ओतलं असतं तर आपण भांडायला गेलो असतो. आणि खाद्यात नत्राबरोबर स्फुरदही असतं, ते शेवाळाला नत्राइतकंच लागतं. काही ठिकाणी मरळीला कोंबडीच्या दुकानातला टाकाऊ माल घालतात, फुकट मिळतो म्हणून. तो पाण्यात कुजतो, आणि मग पाण्याचं जे होतं ते सांगायला नको. आमच्या मते तो फुकटचा माल सगळ्यात महाग पडतो.

यात बाहेरून येणारं वेगळंच. वरच्या वावरातल्या उसाला खत टाकलं आणि रात्री वळीव झाला की ते पाणी बांधावरून तळ्यात येतं. गोठ्याचं पाणी, धुणं-भांड्याचं साबणाचं पाणी, पूजेचं निर्माल्य, सगळ्याला वाट तळ्याची. कोल्हापूरचा रंकाळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. नाल्यांमधून सांडपाणी येत राहिल्यावर एवढं मोठं तळं हिरवं होऊन कसा वास मारत होतं, तेही पाहिलं आहे. तिथे एवढं पाणी असून ही गत, तर आपलं दहा गुंठ्यांचं तळं किती दिवस धीर धरणार?

आता थोडं मुंबईला जाऊन येऊ. आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातली किती माणसं मुंबईला गिरणीत होती. सुट्टीत गेलं की काका-मामा चौपाटीला नेत, आणि मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवत. १९५१ साली ते सुरू झालं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. समुद्राचं पाणी भरलेल्या मोठमोठ्या काचेच्या टाक्या, त्यात पाकट, हेकरू, लहान मुशी असले मासे. सगळे मांसाहारी. अशा टाक्यांत काच स्वच्छ आणि पाणी आरपार कसं राहतं? ते मासे तर शेवाळाला तोंड लावत नाहीत, आणि शेवाळ खाणारी गोगलगाय सोडली तर तिलाच फोडून खातात. म्हणजे अडचण आपल्यासारखीच. फरक इतकाच, की तिथे लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं आणि चार भिंतींच्या आत सगळं चालतं.

मोठ्या खाऱ्या टाक्या सांभाळणारे जे करतात, त्यातल्या चार-दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

एक म्हणजे ते खाण्यावर हात आखडतात. मोठ्या शिकारी माशाला रोज पोटभर लागत नाही. निसर्गात त्याला रोज शिकार मिळते कुठे? म्हणून तिथे मोठ्या माशांना दिवसाआड किंवा आठवड्यातून ठरावीक वेळाच खायला देतात, आणि तुकडा खाली पडून राहिला तर लगेच काढून घेतात.

दुसरी गोष्ट गुऱ्हाळ पाहिलेल्या बाईला पटकन कळेल. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती आपण झाऱ्यानं काढून टाकतो. नाही काढली तर गूळ काळा पडतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीला तसलंच एक नळकांडं लावलेलं असतं. त्यात अगदी बारीक बुडबुडे सोडतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात. माशांची घाण त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि वरच्या भांड्यात जमा होते. चहाच्या चोथ्यासारखं काळपट पाणी निघतं. ते कुजून शेवाळाचं खत होण्याआधीच बाहेर. गोड्या पाण्यात हे यंत्र नीट चालत नाही, म्हणून आपल्या तळ्यासाठी कुणी ते विकायला आलं तर घेऊ नका.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात आवडली. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी नावाच्या शास्त्रज्ञानं १९८० च्या सुमारास समुद्राच्या पाण्याच्या टाकीसाठी एक युक्ती काढली. शेवाळाला टाकीत येऊ द्यायचं नसेल तर त्याला शेजारी स्वतंत्र जागा द्यायची. टाकीचं पाणी एका जाळीवरून वाहतं ठेवायचं, जाळीवर झगझगीत दिवे लावायचे. तिथे शेवाळ जोरात वाढतं, पाण्यातलं नत्र-स्फुरद तेच ओढून घेतं. मग आठवड्याला ती जाळी खरवडायची आणि शेवाळ बाहेर टाकायचं. मोठ्या टाकीत त्याला खायला काही उरत नाही. म्हणजे शेवाळालाच कामाला लावलं. माशांना ती जाळी खाता येत नाही आणि मोडताही येत नाही, कारण ती त्यांच्या टाकीत नसतेच.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, तिथे दिवा बंद करता येतो, आपल्या तळ्यावरच्या सूर्याला बटण कुठलं? खरं आहे. उन्हावर आपला इलाज नाही. पण बाकीचं आपल्या पद्धतीनं करता येतं, आणि त्याला खर्चही फार नाही.

खाद्यापासून सुरुवात करू. मूठ-मूठ करून चारी बाजूंनी उधळायचं नाही. पाण्यात दोन-तीन ठिकाणी दोरीला बांधलेली उथळ ताटं किंवा बारीक जाळीच्या चौकटी सोडायच्या, त्यात खाद्य घालायचं. तरंगणारी गोळी असेल तर बांबूची चौकट पाण्यावर सोडून तिच्या आत टाकायची, म्हणजे वाऱ्यानं पसरत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं बघायचं. शिल्लक असेल तर काढून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढं कमी घालायचं. ढगाळ दिवस, पाऊस, थंडीची लाट, या दिवसांत मासा कमी खातो; तेव्हा निम्मं किंवा एखाद्या दिवशी अजिबात नाही. मरळ एका दिवसाच्या उपासानं वाळत नाही. आपल्याला मात्र वाटतं, पोरं उपाशी राहिली! आईचा जीव माशालाही तसाच लावतो आपण. वहीत रोजचं खाद्य लिहा, किती घातलं आणि किती उरलं. महिन्यानं बेरीज केली की कळतं किती पैसे शेवाळाला चारले.

मग पाणी. आपल्याकडे तळ्याखाली वावर असतं, हे मत्स्यालयवाल्यांपेक्षा आपलं मोठं भाग्य. ते लोक टाकीतलं थोडं-थोडं पाणी काढून गटारात सोडतात आणि नवं भरतात. आपलं तळ्यातलं हिरवं पाणी म्हणजे पातळ केलेलं खत. ते वांगी, मिरची, मका, ऊस यांना द्या. मोटरीचा पाइप शक्य तितका तळाजवळ ठेवा, कारण गाळ, विष्ठा आणि कुजलेलं खाद्य खाली बसतं. पृष्ठभागावरचं पाणी काढून तळाचं तसंच ठेवलं तर फायदा थोडाच. आठवड्याला थोडं काढायचं, तेवढंच विहिरीचं किंवा ओढ्याचं भरायचं. उन्हाळ्यात विहिरीला पाणी नसतं हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून होळीच्या आधी, पाणी आहे तोवर ही अदलाबदल करून घ्यायची आणि पुढे खाद्यच कमी करायचं. एप्रिलमध्ये तळ्यात पाणी निम्मं आणि मासे मात्र तेवढेच, अशी वेळ आली तर मोठे मासे काढून विकणं हाच शहाणपणा.

जाळीवर शेवाळ वाढवायची ती अमेरिकेची युक्ती? तीही जमते. तळ्याशेजारी कागद घालून एक लहान खड्डा करा, तळ्याचं पाणी त्यात घ्या आणि त्यात अझोला किंवा टिकलीसारखं पानं असणारं ते तरंगतं शेवाळगवत वाढवा. त्याला मरळ पोचत नाही. चाळणीनं काढून कोंबड्यांना, गाईला घाला. अझोला हवेतलं नत्र घेतं, त्यामुळे ते मुख्यतः स्फुरद खेचतं. टिकलीगवत नत्रही चांगलं खेचतं. त्या लहान खड्ड्यानं अख्खं तळं स्वच्छ होईल असं आम्ही म्हणणार नाही, खड्डा तळ्याच्या मानानं लहानच राहतो. पण कोंबड्यांचं खाद्य वाचतं, हा फायदा रोजचा आहे.

धाग्याचं शेवाळ हातानंच काढावं लागतं. लांब बांबूला दाताळं बांधून, किंवा दोघींनी जुनी मच्छरदाणी दोन बाजूंनी धरून काठाकाठानं ओढायची. काढलेलं शेवाळ बांधावर टाकू नका, कारण पहिल्या पावसात त्यातलं सगळं परत तळ्यात उतरतं. बुट्टीत भरून सरळ उकिरड्यावर न्या आणि शेणाच्या थरात घाला, खत चांगलं होतं. एकाच दिवशी सगळं काढायचा हट्ट नको. शिवाय वरच्या बाजूला एक चर मारा, म्हणजे वावरातलं पावसाचं पाणी तळ्याला वळसा घालून जाईल. चरीच्या आणि तळ्याच्या मध्ये हत्तीगवताचा पट्टा लावला की उरलेलं खतही ते खाऊन टाकतं, आणि गाईला वैरण होते.

आता मोरचूद. शेवाळ म्हटलं की दुकानात पहिली मोरचुदाची पुडी हातात पडते. मोरचूद शेवाळ मारतं, यात शंका नाही. दोन दिवसांत पाणी स्वच्छ दिसतं आणि बाई खूश होते. पण मेलेलं शेवाळ गेलं कुठे? ते तळाशी पडून कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि त्यातलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यातच सुटतं. पंधरा दिवसांनी नवं शेवाळ हजर. त्यात आपलं पाणी पावसाचं, जांभ्यातून झिरपलेलं, मऊ. मऊ पाण्यात तांबं माशाला जास्त जहाल लागतं. कठीण पाण्याच्या गावात चाललेला डोस इथे मासे मारू शकतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतसुद्धा तांब्याचा वापर फार जपून करतात, कारण गोगलगायी, खेकडे, प्रवाळ थोड्या तांब्यानंही मरतात. आमचं मत स्पष्ट आहे: मासे असलेल्या तळ्यात मोरचूद घालायचं नाही. कुणाला अगदीच घालायचं असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला पाणी तपासायला लावून, त्यांच्या सांगण्यावरूनच.

मरळीची एक खोड मात्र लक्षात ठेवायलाच हवी, कारण तिच्यामुळे माणूस फसतो. दिवसा शेवाळ प्राणवायू देतं, रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, कोंबडा आरवतो ती. पाणी फार हिरवं असेल आणि त्यात दोन-चार दिवस ऊन पडलं नसेल तर पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड उघडतात, धापा टाकतात. ही आपल्याला मिळालेली सूचना असते. मरळीला मात्र हवेतून श्वास घेता येतो. ती रोजच वर येते, एक घोट हवा घेते आणि खाली जाते. पाणी चांगलं असलं तरी येते, बिघडलं तरी येते. त्यामुळे मरळीकडे बघून पाण्याचं काही कळत नाही. मासे जिवंत आहेत म्हणजे पाणी ठीक आहे, असं धरून बसलं की आत अमोनिया वाढत जातो. मरळ खाणं सोडते, अंगावर जखमा येतात, कल्ले खराब होतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मरळीच्या तळ्यात तिच्या तोंडात न मावणारे, अर्धा किलोच्या वरचे चार-पाच रोहू ठेवा. शेवाळासाठी नव्हे, पहारेकरी म्हणून. पहाटे ते वर आले की खाद्य बंद, शेणखत बंद, आणि लगेच मोटर चालू करून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडायचं. पाइपाच्या तोंडाला भोकं पाडलेला डबा बांधला तर पाणी फुटून पडतं, हवा जास्त मिसळते. वीज नसेल तर बांबूनं पाणी झोडपायचं, ऊन वर येईपर्यंत.

मरळ आणताना एक चौकशी नक्की करा. मरळ म्हणून किंवा "तसलाच मासा, लवकर वाढतो" म्हणून कुणी थाई मागूर देत असेल तर घेऊ नका, तो पाळायला आपल्या देशात बंदी आहे. आणि मरळ असो की आणखी काही, तळ्यातला मासा ओढ्यात जाऊ द्यायचा नाही. सांडव्याला बारीक जाळी लावा, पावसाळ्याच्या आधी तपासा. आपला ओढा हिरण्यकेशीला मिळतो. त्याच नदीच्या उगमाशी, आंबोलीच्या देवळाजवळच्या कुंडात २०२० साली शास्त्रज्ञांनी एका इवल्याशा माशाची नवी जात नोंदवली, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. आपल्या नदीच्या नावाचा मासा आहे तो. अशा ओढ्या-नद्यांत पाळलेले शिकारी मासे सुटले तर तिथल्या लहान माशांना पळायला जागा उरत नाही.

आता ते वाकण्याचं. शेवाळानं मासे मेले तर पैसे बुडतात. पण कागदाच्या तळ्यात शेवाळानं माणूस बुडतं. प्लॅस्टिकच्या उतारावर शेवाळाचा पातळ थर असला की पाय ठरत नाही, आणि घसरून आत गेलेल्याला वर यायला धरायला काही नसतं. पोहता येणारा गडीही अशा तळ्यातून बाहेर येऊ शकत नाही, हात घासत राहतो आणि दमतो. महाराष्ट्रात दरवर्षी अशा बातम्या येतात. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. बहुतेक वेळा पाणी आणायला, कपडे धुवायला गेलेली बाई असते, नाहीतर पोर.

म्हणून शेवाळ काढायला एकटीनं जायचं नाही. कागदाच्या चारी बाजूंना, वर खुंटीला बांधलेले आणि पाण्यात लांबपर्यंत सोडलेले जाड दोर हवेत, हातभर अंतरावर गाठी मारलेले. शक्य असेल तर दोराला जुने टायर बांधून एक शिडीच करा. काठावर ट्यूब नाहीतर झाकण घट्ट लावलेले दोन रिकामे कॅन दोरीसकट ठेवा. कुणी पडलं तर आत उडी मारायची नाही, तो कॅन आणि दोर टाकायचा. पदर खोचलेला असो, चप्पल काढलेली असो, उतारावर पाय ठेवायचाच नाही. दाताळ्याचा बांबू लांब घ्या, काम वरूनच करा. चारी बाजूंनी कुंपण आणि फाटकाला कडी. ही कडी मासे चोरीला जाऊ नयेत म्हणून लावायला घरातली माणसं तयार असतात, पोरं आत जाऊ नयेत म्हणून लावा म्हटलं की टाळाटाळ होते. मग चोरांचंच नाव सांगा, पण कडी लावून घ्या.

शेवटी विक्रीचं. घट्ट हिरव्या, विशेषतः त्या निळसर शेवाळाच्या पाण्यातल्या माशाला मातीचा वास लागतो. रस्सा कितीही झणझणीत करा, तो वास जात नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. तळ्यावर तो रंगाचा थर असेल त्या दिवसांत मासे काढूच नका. बाकी वेळी विकायच्या आधी मासे आठवडाभर स्वच्छ, वाहत्या पाण्याच्या हौदात उपाशी ठेवले की वास बराच उतरतो. हौदावर जाळी टाकून चारी कोपऱ्यांना दगड ठेवा, आणि बाजाराला नेताना डब्याचं झाकण दोरीनं बांधा. मरळ उडी मारते, आणि एसटीत मारली तर सगळ्या गाडीची करमणूक होते.

पुढच्या वेळी मरळीच्या पिल्लांची निवड कशी करायची, लहान-मोठी वेगळी का ठेवायची, त्यावर बोलू. तोवर पांढरी ताटली आणि वही काढून ठेवा.